ट्रक यायच्या आधीची लग्नं

दसरा जवळ आला की माझं डोकं फिरतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. सूनबाई नातवाला आधीच बजावून ठेवते, आजीच्या हातात आपट्याची पानं द्यायची नाहीत. तरी गल्लीतलं कुणी ना कुणी येतंच. "बाई, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत वाकतं. मी पानं घेते, कोनाड्यात ठेवते आणि आत निघून जाते. माणसं चांगली आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. राग त्या शब्दांवर आहे. या दिवसांत आमच्या जिल्ह्यातल्या पोरी किती सोन्यासारख्या राहतात ते मी शाळामास्तरीण म्हणून इतकी वर्षं बघितलं आहे, मला कुणी शिकवू नये.

यंदाही तेच झालं. केजच्या नाक्यावर सकाळपासून ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर लागले होते. पूर्वी ट्रक असायचे, आता दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात आणि त्यांच्यावर कानठळ्या बसवणारे कर्णे. एवढाच काय तो विकास. ट्रॉलीत बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, करडं, कोंबड्यांचं खुराडं आणि या सगळ्याच्या वर बाया. मी भाजी घ्यायला गेले होते. एका ट्रॉलीत एक पोरगी बसली होती, कोपरापर्यंत हिरवा चुडा, नखांत हळद. मी तिला वय विचारलं. तिनं आधी शेजारच्या बाईकडं बघितलं, मग म्हणाली, "अठरा." हल्ली ही एक सुधारणा झाली आहे, पोरींना आकडा पाठ असतो. पिशवीत घेतलेली भाजी तशीच धरून मी बराच वेळ तिथं उभी होते. राग आला की मला चालता येत नाही.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. केजपासून जीपनं तासाभरावर, बालाघाटाच्या माथ्यावर एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी शिकवत होते. जीपमध्ये पुढं ड्रायव्हरसकट पाच, मागं बारा-चौदा आणि टपावर येतील तेवढे. बाईमाणूस म्हणून मला खिडकीची जागा मिळायची आणि त्या जागेच्या मोबदल्यात शेजारच्या माणसाचं कोपर केजपासून घाटापर्यंत बरगडीत सोसावं लागायचं. पहिल्या वर्षी मी एकाला बोलले. तर जीपमधले सगळे माझ्याकडंच बघायला लागले, जणू कोपर माझंच होतं. नंतर मी पर्समध्ये कंपास ठेवायला लागले. त्याचं टोक चांगलं होतं.

देश त्या दिवसांत खुला झाला होता म्हणे. आमच्या गावात तो खुलेपणा असा आला: टपरीवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, एका थंड पेयाचा लाल पत्रा ठोकला गेला (पेय कोमटच असायचं, वीज नव्हती), आणि ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमानं आपल्या भाच्याला एसटीडीचं पिवळं खोकं टाकून दिलं. जग जवळ आलं. जवळ येऊन त्यानं पहिलं काम काय केलं, तर लांबच्या साखर कारखान्यातून फोन आला, गुरुवारी ट्रक येतो आहे. पूर्वी पंधरा दिवस आधी चिठ्ठी यायची, त्यामुळं लग्नं जमवायला पंधरा दिवस मिळायचे. फोन आला आणि ते चार दिवसांवर आलं.

लग्नं का, तर ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. तो ऊस तोडणार, ती पाचट काढणार, मोळी बांधणार, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणार, आणि कोपीत येऊन भाकरी थापणार. कोपी म्हणजे उसाच्या वाढ्यांची झोपडी, वाकून शिरावं लागतं अशी. एवढं सगळं दोघांनी करायचं, पण कोयता नवऱ्याच्या नावाचा. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्धा कोयता मुकादमाला नको असतो. मग दसऱ्याचं सोनं वाटून झालं की ज्याच्या घरात बिनलग्नाचा पोरगा, तो पोरगी शोधायला निघायचा. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लागत नाहीत, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या गावात तुळस मागं राहायची. मुहूर्त भटजी काढायचा नाही, मुकादम काढायचा.

तो काळ तसा फार देखणा असतो, हे त्यातलं आणखी चीड आणणारं. माळावर तरवड पिवळा धमक फुललेला. बाजरीची खळी चालू. घाटातली सीताफळं डोळे उघडायला लागलेली, आणि पोरं शाळेत येताना खिसे भरून आणायची. वर्गभर तो गोड, जडसा वास. मागच्या आळीत लोहार दिवसभर कोयत्यांना धार लावायचा. मी फळ्यावर अपूर्णांक शिकवायचे आणि खिडकीतून ते खर्र-खर्र यायचं. एक छेद दोन म्हणजे काय, विचारलं की मागच्या बाकावरचा एखादा म्हणायचा, "अर्धा कोयता, बाई." सगळे हसायचे. मीही हसायचे. आता सीताफळ मी खात नाही.

अनशी कधीच मागच्या बाकावर बसली नाही. लिंबाजी आणि द्वारका या तोडकरी जोडप्याची ती धाकटी. नाव अनुसया, गावाची अनशी. तोंडाची फटकळ, अक्षर किरटं, पण नकाशा काढावा तर तिनं. महाराष्ट्र हातानं काढायची, कागद न उचलता. फक्त बीड जिल्हा नेहमी फार मोठा काढायची, अर्धा मराठवाडा गिळून टाकायचा तो. मी म्हणायचे, अगं, एवढा मोठा नाही आपला जिल्हा. ती म्हणायची, "चालायला लागल्यावर लई मोठा हाय, बाई."

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शाळेच्या कागदावर अनशी नव्हतीच.

तिच्यावर एक बहीण होती, सरस्वती. तिचं नाव पहिलीत चार वर्षं होतं, कारण दर दिवाळीला ती आईबापांबरोबर उसाच्या फडात जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. चौथ्या साली आली नाही. फडात ताप आला, दोन दिवसांत गेली. दवाखाना लांब होता आणि ट्रक भरायचा राहिला होता. त्याच जूनमध्ये शाळेचा पट तपासायला साहेब येणार होते. पटावर एक्केचाळीस पोरं दिसली तर तिसरा शिक्षक राहणार, नाहीतर त्याची बदली. तिसरी शिक्षक मी होते. माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, आणि बदली आष्टीच्या पलीकडं कुठंतरी. पट बरोबर एक्केचाळीस भरत होता, मेलेल्या सरस्वतीला धरून.

अनशी तेव्हा पाच वर्षांची. पहिलीला सहा लागतात. मी तिला सरस्वतीच्या जागेवर बसवलं आणि शिकवलं, सरस्वती लिंबाजी असं नाव घेतलं की उभं राहून हजर म्हणायचं. ती म्हणाली, "मी तर अनशी हाय." मी म्हटलं, घरी अनशी, शाळेत सरस्वती. साहेबांपुढं ती टुणकन उठली आणि इतक्या जोरात हजर म्हणाली की साहेबांनी कौतुक केलं. हेडमास्तरांना सगळं माहीत होतं. त्यांनी मान डोलावली. द्वारकाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू द्या. तिचं नाव तरी शाळंत जाईल."

एकदा बसवली ती बसवलीच. नवीन नाव घालायचं तर जुनं का कापलं नाही ते सांगावं लागणार, म्हणून दर वर्षी मीच माझ्या हातानं सरस्वतीला वरच्या वर्गात चढवत गेले. दोन वर्षं अनशी फडात गेली, चुलत्यांची बारकी पोरं सांभाळायला, म्हणून मागं राहिली. सातवीत आली तेव्हा तिला तेरा पुरी झालेली. रजिस्टरात मात्र अठरा. मला याची कधी भीती वाटली नाही. असल्या गावात कुणाचं वय कोण विचारतो?

त्या साली दसरा होऊन आठवडा झाला असेल. शनिवारची सकाळची शाळा. सुटताना अनशी टेबलापाशी आली, हातात सगळी पुस्तकं. "बाई, ही जमा करावी लागत्यात का? बुधवारी माझं लगीन हाय." शिरूर कासारकडचा पोरगा, म्हणाली. गेल्या वर्षी त्याचा अर्धा कोयता म्हणून त्याला मागं ठेवलं होतं. भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर फाटलं होतं, ते तिनं भातानं चिकटवलं होतं आणि तेच ती मला पुन्हा पुन्हा दाखवत होती, दंड लागू नये म्हणून. मी पुस्तकं घेतली नाहीत. तशीच तिच्या घरी गेले.

द्वारका अंगणात पेटी भरत होती. लिंबाजी कोपऱ्यात कोयत्याला मूठ बसवत होता. त्या घरात बोलण्याचं काम त्याचं नव्हतंच. मी म्हणायचं ते म्हटलं. कायदा, वय, शिक्षण, बाळंतपणात पोरी मरतात, सगळं. द्वारकानं ऐकून घेतलं. मग तिनं मला विचारलं, "हरीची पोरगी ठाव हाय न्हवं तुमाला?"

ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. आदल्या साली हरीची बारा वर्षांची मुलगी आजोबांपाशी मागं राहिली होती. दळण घेऊन गिरणीत गेली. गिरणीवाला पन्नाशीचा, गळ्यात माळ, भजनात पुढं. पुढं काय झालं ते गावानं एकमेकांच्या कानात सांगितलं आणि मोठ्यानं कुणी बोललं नाही. हरीला फडात कळलं, पण ट्रक सोडून येता आलं नाही. आला तेव्हा पोरीचं लग्न एका बिजवराशी लावून मोकळा झाला. गिरणीवाला त्या लग्नात अक्षता टाकायला उभा होता. गाव अजून त्याच्याकडंच दळत होतं, कारण गावात गिरणी एकच.

"फडात नेली तर कोपीला कडी न्हाई," द्वारका म्हणाली. "हितं ठिवली तर सासू आंधळी हाय माझी. लगीन लावलं म्हंजी एक नवरा मारील, ते मला दिसतंय. न्हाई लावलं तर कोण कोण येईल ते दिसत न्हाई. कावून लावायलेत इचारता तुमी. म्हनून लावायलोत."

  बालविवाह म्हटलं की शहरातली माणसं अडाणीपणा, अंधश्रद्धा असले शब्द काढतात. त्यांना एकदा त्या अंगणात नेऊन उभं करायला पाहिजे. द्वारका अडाणी नव्हती. तिनं सगळ्या पुरुषांचा विचार करून त्यातल्या त्यात एक निवडला होता. दोष काढायचा तर मला त्या गावात एक पुरुष सापडत नाही ज्याला मी वगळीन, आणि एक बाई सापडत नाही जिच्यावर सगळा घालीन. मग मी चिडायचं कुणावर? मी सगळ्यांवर चिडते.

तेवढ्यात द्वारकानं हातातलं लुगडं पेटीत ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "तुमी ठिवून घेता का, बाई? तुमच्या घरी. पाडव्यापतूर. आमी आलो की घिऊन जाऊ. भांडी घासंल, दुकान झाडंल, एका कोपऱ्यात पडंल. तुमी हो म्हना, ह्यांला अन् पाव्हण्यांला मी बगते."

अनशी दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

केजला आमचं कापडाचं दुकान आहे. खाली दुकान, मागं स्वयंपाकघर आणि देवघर, वर खोल्या. तेव्हा सासूबाई होत्या. अंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय चहा नाही, आणि त्यांच्या चुलीजवळ परकं माणूस गेलेलं त्यांना खपायचं नाही. मी नोकरी करते हेच त्यांना जड जात होतं, त्यात ही पोर आणायची म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. नोकरी करू दिली आहे, आणखी काय काय मागणार, असं ह्यांच्या तोंडावर दिसेल असं मला वाटायचं. त्या शनिवारी रात्री जेवताना मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मीठ मागितलं.

रविवारी दुकानात गर्दी. तो आठवडा आमच्या दुकानाचा सुगीचा असायचा, डोंगरावरची माणसं बस्ता बांधायला यायची. मी वरच्या खिडकीतून बघितलं, खाली द्वारका आणि अनशी. हे त्यांना साड्या दाखवत होते. अनशी एकेका साडीवरून हात फिरवत होती आणि मान वर करून जिन्याकडं बघत होती. मी खिडकीतून मागं सरले. खाली उतरायला बारा पायऱ्या होत्या. मी वरच कपड्यांच्या घड्या घालत बसले.

आणि सोमवारी मी पोलीस ठाण्यात गेले. ही अक्कल बघा. घरात तोंड उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं, ठाण्याच्या बाकावर मी तीन तास काढले. तिथं मला धीट वाटत होतं. कायद्याची भाषा बोलताना माणूस कुणाचं काही देणं लागत नाही. जमादारानं अर्ज घेतला, बाई, तुमच्यासारख्या जाग्या माणसांची गरज आहे असंही म्हणाला. मी घरी आले ती ताठ मानेनं.

बुधवारी मारुतीच्या देवळापुढं मांडव. मांडव कसला, चार बांबू आणि मुकादमाच्या ट्रकची ताडपत्री. जमादार आला तेव्हा नवरीला हळद लागून झाली होती. वाजंत्री थांबलं. सगळं गाव माझ्याकडं वळलं. मुकादम खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. हेडमास्तरांना म्हणाला, "गुरुजी, शाळंचं बुक आना की. त्यात काय लिव्हलंय ते बगू."

हेडमास्तरांनी रजिस्टर आणलं. जमादारानं पान उघडलं, लिंबाजीची पोर शोधत बोट फिरवलं. सरस्वती लिंबाजी. जन्म एक जून. असल्या गावांत सगळी पोरं एक जूनलाच जन्मतात, शाळा भरायच्या सोयीनं. त्यानं बोटांवर मोजलं.

"अठरा वर्सं चार म्हैने भरायलेत, बाई."

"सातवीत आहे ती," मी म्हटलं. "तेरा वर्षांची आहे. तिच्याकडं बघा तरी."

"नापास झाली आसंल. ही सही कुणाची?"

"माझी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मांडवात कुणीतरी हसलं. हेडमास्तर माझ्या कानाशी लागले, "बाई, दोघांची नोकरी जाईल. गप बसा." एवढंच म्हणायचं होतं की ही सरस्वती नाही, सरस्वती मेली. द्वारका समोर होती, तिनंही म्हटलं नाही. आणि मी गप्प बसले. जी पोर नऊ वर्षांमागं फडात मेली होती, तिच्या वयावर हिचं लग्न लागलं. जमादार जेवायला बसला. पंक्तीत बुंदी होती. गिरणीवाला वाढत होता.

मला त्या दिवशी सगळ्यांचा जीव घ्यावासा वाटला. असं लिहू नये, पण वाटलं ते वाटलं. हेडमास्तरांचा, जमादाराचा, त्या नवऱ्या पोराचा, तो तर बिचारा विशीचा होता आणि त्याच्या टोपीचं माप चुकलं होतं. परत येताना जीपमध्ये शेजारच्याचं कोपर लागलं आणि मी कंपास इतक्या जोरात खुपसला की तो ओरडला. त्याचं कोपर बहुधा त्या दिवशी चुकून लागलं होतं.

गुरुवारी मी लवकर गेले. का गेले ते सांगता येत नाही. ट्रक भरत होता. मुकादम ओरडत होता, "आटप बे, दिवस डोईवर आला." अनशी सासरच्या माणसांबरोबर वर बसली होती, मांडीवर हंड्याखालची लाकडी घडवंची धरून. तिनं मला हाक मारली नाही. द्वारका खाली होती, दोरी आवळत. मी जवळ गेले तशी ती थांबली.

"आमी तुमाला पोलीस मागितला न्हवता, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "कोपरा मागितला व्हता."

मी म्हटलं, "विचारलं होतं गं. घरचे नाही म्हणाले."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा दोरी आवळायला लागली.

मी विचारलं नव्हतं.

त्या सालापासून ह्यांच्याशी मी जरा तुटकपणे वागते. पहिल्यांदा मलाही कळलं नाही. आपण एकदा एखाद्याच्या तोंडात नकार घातला की तो त्यानंच दिला आहे असं हळूहळू वाटायला लागतं. हे जेवायला बसले की मला वाटायचं, याच माणसानं त्या पोरीला घरात घेतलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं, शिकलेली सून, कोरडी.

अनशी चैत्रात परत आली. कपाळावर, केसांच्या रेषेशी, बोटभर खूण. मी विचारलं तर म्हणाली, "पाचटात पडले." पाचटात पडून कुणाला कोयत्याच्या मुठीएवढी खूण होत नाही. पुढच्या जूनमध्ये मी स्वतः बदली मागून घेतली. तिसरा शिक्षक गेला, पट कमी झाला, कुणाचं काही अडलं नाही.

मग बऱ्याच वर्षांनी ती मला माजलगावच्या बाजारात दिसली. धरणाच्या पाण्यावर तिकडं ऊसच ऊस, तिकडंच तोडीला आली होती. हातात रेशनकार्डाची झेरॉक्स. मी नाव वाचलं, सरस्वती. मतदार यादीत तेच, बँकेत तेच. अनुसया नावाची बाई सरकारला माहीतच नाही. तिच्या पोटाला चिरफाड झाली होती, गर्भाची पिशवी काढली म्हणाली, पाळीत कामाचे खाडे होतात म्हणून. वयानं तीसच्या आत, आणि दिसायला माझ्याहून मोठी. तिनं मला चहा पाजला. माझं, मुलाचं, दुकानाचं सगळं विचारलं. त्या आठवड्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मी तेवढ्यासाठी तिची ऋणी राहिले. हा माझा स्वभाव.

तर यंदा नाक्यावरून मी घरी आले ती डोकं तापलेलंच होतं. हे ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. दुकान आता मुलगा बघतो, ह्यांना शेंगा आणि पेपर. मी भाजी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारलं. म्हटलं, त्या साली माझ्या शाळेतली एक पोरगी पाडव्यापर्यंत घरी ठेवून घेऊ का असं मी विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता? लग्न लावत होते तिचं.

हे सोलायचे थांबले नाहीत. "ठेव म्हणालो असतो."

"आणि आई?"

"आई दोन दिवस फुरंगटून बसली असती. मग तिनंच पोरीची वेणी घातली असती. वरच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या की."

आता म्हणायला काय जातंय, मी म्हटलं. माझा आवाज चढला. मी म्हटलं, खोटं बोलता, तुम्ही नाहीच म्हणाला असता, मला ठाऊक आहे तुमचं घर. सूनबाई आतून बाहेर आली. मी थांबेचना. एकदा तरी खरं बोला, म्हटलं, नाही म्हणाला असता की नाही?

ह्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि मान वर केली.

"बरं, नाही म्हणालो असतो," हे म्हणाले. "आता बरं वाटलं?"

नाही वाटलं.